चुकलेला ठोका

एखादी वाईट वार्ता अवचित कानी पडली म्हणजे आपण म्हणतो, 'काळजाचा ठोका चुकला.' ही नुसती बोलण्याची तऱ्हा आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ठोका खरोखरीच चुकतो, आणि त्याला वाईट वार्तेची गरजही लागत नाही. मिनिटास सत्तर-बहात्तर या हिशेबाने हृदयाचे ठोके दिवसाकाठी एक लाखाच्या वर जातात. त्यांत चांगल्या धडधाकट माणसाचाही एखाददुसरा ठोका वेळेआधी पडतो किंवा अडखळतो. बहुतेकांस त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा ठोका का चुकतो, हा आमच्या दृष्टीने मुख्य प्रश्न नव्हे. कोणता ठोका चुकला असता निर्धास्त राहावे आणि कोणता चुकला असता वैद्याने धाव घ्यावी, हा खरा प्रश्न. हा भेद कळावयास फार मोठा काळ लागला. कळल्यावरही एकदा तो विसरला गेला, आणि त्या विस्मरणाची किंमत रोग्यांनी आपल्या प्राणांनी मोजली. ती हकीकत आपणांपुढे मांडावी, असा आमचा आजचा हेतू आहे.

आपणांस हवे तर बसल्या जागी एक लहानसा प्रयोग करून पाहता येईल. एका मनगटावर दुसऱ्या हाताची तीन बोटे ठेवावी आणि सावकाश, खोल श्वास घ्यावा. श्वास आत जाताना नाडी किंचित जलद होते, बाहेर टाकताना मंदावते. तरुणांत हा फरक चांगला जाणवतो, उतारवयात तो कमी होत जातो. म्हणजे निरोगी हृदय घड्याळाच्या लंबकासारखे कधीच चालत नाही. कसलेला तबलजी ठेका धरतो तेव्हा त्याची लय जशी गायकाच्या दमाबरोबर किंचित हलते, तसेच काहीसे हे असते. अनियमितपणा आणि रोग हे दोन शब्द एकाच अर्थाचे नव्हेत, याचा पुरावा असा प्रत्येकाच्या मनगटात आहे. तरीही वैद्यकाला तो दीर्घकाळ नीट वाचता आला नाही.

आपल्याकडील नाडीपरीक्षा अतिप्राचीन आहे असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु चरक व सुश्रुत यांच्या संहितांत नाडीपरीक्षेचे स्वतंत्र प्रकरण सापडत नाही. तिची व्यवस्थित मांडणी पहिल्याने दिसते ती शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास. वाताची नाडी जळू व सर्प यांच्या गतीने चालते, पित्ताची कावळा-बेडकासारख्या उड्या घेत, कफाची हंस-पारव्याच्या संथ चालीने, हे वर्णन पुष्कळांच्या कानांवरून गेलेले असेल. तेथेच असेही म्हटले आहे की जी नाडी थांबत थांबत चालते ती प्राणघातक समजावी. चीनमध्ये वांग शूहे याने तिसऱ्या शतकात नाडीवर ग्रंथ रचला, त्याच्याही आधी रोमन साम्राज्यात गॅलेनने नाडीवर पुस्तकेच्या पुस्तके लिहिली. या सर्व मंडळींचे निरीक्षण सूक्ष्म होते, यात शंका नाही. पण बोटाला एकच गोष्ट कळते: मनगटाशी लाट आली किंवा नाही आली. ती का आली नाही, हृदयाने ठोका दिलाच नाही, की दिला पण तो वेळेआधी व दुबळा पडला म्हणून मनगटापर्यंत पोहोचला नाही, हे बोटाला सांगता येत नाही. म्हणून थांबणारी प्रत्येक नाडी एकाच भयंकर नावाखाली जमा झाली.

पुढची चारशे-पाचशे वर्षे आपण भराभर ओलांडू. इंग्लंडात जॉन फ्लॉयर याने १७०७ साली बरोबर एक मिनिट चालणारे खास घड्याळ करवून नाडी मोजण्याचा परिपाठ घालून दिला. त्याच देशात विल्यम विदरिंग या डॉक्टरापुढे १७७५ साली एक घरगुती नुसखा आला. श्रॉपशर परगण्यातील एक म्हातारी बाई अंगावर सूज चढलेल्या रोग्यांना वीसएक वनस्पतींचा काढा देई आणि मोठमोठ्या डॉक्टरांनी हात टेकलेले रोगी त्याने बरे होत. या वीसांतली खरी कामाची वनस्पती फॉक्सग्लोव्ह ही होय, हे विदरिंगने ओळखले. दहा वर्षे रोग्यांची टिपणे ठेवून १७८५ साली त्याने आपले पुस्तक छापले, त्यात न गुण आलेले रोगीही लपविले नाहीत. हृदयाच्या गतीवर या औषधाचा विलक्षण प्रभाव पडतो, हे त्याने नोंदले. पण नाडीच्या कोणत्या बिघाडात ते विशेष लागू पडते, हे कळण्याचा काळ अजून सव्वाशे वर्षे दूर होता. डब्लिनमध्ये रॉबर्ट अ‍ॅडम्स याने १८२७ साली व विल्यम स्टोक्स याने १८४६ साली, नाडी अतिमंद होऊन रोगी वारंवार बेशुद्ध पडतो अशा विकाराचे वर्णन केले. आजही त्या झटक्यांना या दोघांची नावे आहेत. झटके दिसत होते. इलाज काहीच नव्हता.

आता ज्याच्यासाठी हा विषय आम्ही निवडला त्या माणसाकडे वळू. जेम्स मॅकेन्झी हा स्कॉटलंडातील शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८५३. एडिंबरोस पदवी घेऊन १८७९ साली तो लँकशरमधील बर्नली या कापड-गिरण्यांच्या गावी साधी डॉक्टरकी करू लागला. गिरणीचा धूर, कामगारांच्या चाळी, रात्री-अपरात्रीची बाळंतपणे, असा तो व्यवसाय होता. इचलकरंजी-सोलापूरकडील डॉक्टरांस तो अपरिचित वाटू नये. तेथे एक तरुण गरोदर स्त्री हृदयविकाराने त्याच्या डोळ्यांदेखत बाळंतपणात गेली. हिला धोका आहे हे आपणांस आधी का सांगता आले नाही, असे त्याने स्वतःस विचारले. उत्तर ग्रंथांत शोधले, मिळाले नाही. तेव्हा त्याने ठरविले की उत्तर रोग्यांकडूनच मिळवावयाचे, आणि तेही एकदा तपासून नव्हे, तर तेच रोगी वर्षानुवर्षे पाहून.

हे काम विद्यापीठातील प्राध्यापकास साधले नसते, असे आमचे मत आहे. मोठ्या रुग्णालयात रोगी येतो, पंधरा दिवस राहतो, जातो. पुढे त्याचे काय झाले ते कोणास ठाऊक नसते. गावच्या डॉक्टरला मात्र ज्या पोराची नाडी अडखळताना सापडली तोच पोर पुढे गिरणीत कामास लागलेला, लग्न झालेला, मुले झालेला दिसतो. मॅकेन्झीजवळ हेच भांडवल होते.

त्याचे यंत्रही पाहण्यासारखे होते. मनगटाच्या नाडीची लाट कागदावर उमटविण्याचे साधन फ्रान्समध्ये मारे याने १८६० च्या सुमारास केलेच होते. मॅकेन्झीने त्याला मानेतील शिरेची जोड दिली. येथे हृदयाच्या रचनेविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. हृदयाला चार कप्पे: वरचे दोन रक्त गोळा करून खाली ढकलणारे, खालचे दोन ते जोराने शरीरात व फुप्फुसांत फेकणारे. मनगटाची नाडी खालच्या कप्प्यांची साक्ष देते. मानेतील शिरेची लाट वरच्या कप्प्यांची साक्ष देते. दोन्ही साक्षी एकाच कागदावर, एकाच वेळी उतरवून घेतल्या, तर चूक कोणी केली ते कळेल, अशी ही साधी पण मोठ्या हुशारीची कल्पना होती. पॅडिहॅम या शेजारच्या गावातील शॉ नावाच्या घड्याळजीने त्याला शाईने रेघ उमटविणारे सुटसुटीत यंत्र बनवून दिले. ते पिशवीत घालून डॉक्टर घरोघर जाई.

वीसएक वर्षांच्या टिपणांतून त्याने अनियमित नाडीचे ढोबळ मानाने तीन वर्ग पाडले. पहिली श्वासाबरोबर हलणारी, मुलांची व तरुणांची. ती निरोगीपणाचीच खूण. दुसरी प्रौढांत आढळणारी, मधेच अकाली ठोका पडून नंतर विराम येणारी. पूर्वीच्या वैद्यांना घाबरविणारी 'थांबणारी नाडी' ती बव्हंशी हीच. मॅकेन्झीने असे रोगी वर्षानुवर्षे पाहिले, आणि हृदय एरवी सशक्त असेल तर या अकाली ठोक्यांनी त्यांचे काही बिघडत नाही असा निर्वाळा दिला. तिसरी मात्र वेगळी. तिच्यात नियमाचा मागमूसच नसतो. एक ठोका लहान, दुसरा मोठा, अंतरे वाटेल तशी, आणि हे अखंड चालू. ही नाडी त्याने धोक्याची ठरविली.

या तिसऱ्या नाडीचे मूळ त्याला एका रोगिणीने दाखवून दिले. सांधेज्वरामुळे हृदयाची झडप आकसलेल्या या बाईस तो १८८० पासून पाहत होता. तिच्या मानेतील शिरेत वरच्या कप्प्यांची लाट वर्षानुवर्षे स्पष्ट उमटत असे. १८९८ च्या सुमारास तिची प्रकृती एकाएकी ढासळली, नाडी पूर्ण अनियमित झाली, आणि कागदावरून ती लाट नाहीशी झाली. झडपेवर ऐकू येणारा एक विशिष्ट आवाजही त्याच वेळी लोपला. वरच्या कप्प्यांनी काम सोडले हे निश्चित. ते लुळे पडले, असा त्याने तर्क केला. हा तर्क पुढे दुरुस्त करावा लागला. पण अठरा वर्षे एकाच बाईची नाडी पाहिल्यावाचून तो प्रश्न तरी कोणाला सुचला असता?

दुरुस्ती झाली ती विजेच्या साहाय्याने. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीरात अत्यंत सूक्ष्म विद्युत्प्रवाह खेळतो. लंडनच्या ऑगस्टस वॉलर याने १८८७ साली माणसाच्या शरीरावरून त्याचा आलेख प्रथम घेतला. आपल्या जिमी नावाच्या कुत्र्याचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून तो हे प्रयोग करून दाखवी. १९०९ साली याबद्दल पार्लमेंटात क्रूरतेचा प्रश्न विचारला गेला, आणि गृहमंत्र्याला उत्तर द्यावे लागले. वॉलरचे यंत्र मंद होते. हॉलंडातील लायडनच्या विल्यम आइंथोव्हेन याने काचमण्याचा, केसाहूनही बारीक असा तंतू चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ताणून जे यंत्र केले त्याने खरी क्रांती झाली. वितळलेला काचमणी बाणाला लावून तो बाण सोडावयाचा आणि त्यामागे ओढला जाणारा तंतू पकडावयाचा, अशी तो मिळविण्याची रीत होती! यंत्राचे वजन सुमारे पावणेतीनशे किलो, चालवावयास पाच माणसे. रुग्णालयातले रोगी त्या यंत्रापर्यंत नेणे अवघड, म्हणून १९०५ साली रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत दीड किलोमीटर टेलिफोनची तार वापरून आलेख घेण्यात आले. पी, क्यू, आर, एस, टी ही कार्डिओग्रामावरची अक्षरे आइंथोव्हेनचीच. १९२४ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

मॅकेन्झीचाच तरुण सहकारी टॉमस लुइस याने हे यंत्र हाती घेतले, आणि १९०९ साली दाखवून दिले की त्या तिसऱ्या नाडीत वरचे कप्पे लुळे पडलेले नसून मिनिटास शेकडो वेळा नुसते थरथरत असतात. व्हिएन्नातील रोथबर्गर व विंटरबर्ग यांचाही त्याच वर्षी तोच निष्कर्ष निघाला. आता विदरिंगच्या औषधाचेही कोडे उलगडले. फॉक्सग्लोव्हपासून काढलेले डिजिटॅलिस थरथर थांबवीत नाही. पण त्या थरथरीचे धक्के खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचू देताना चौकीदारासारखे काही अडवून धरते. त्यामुळे खालच्या कप्प्यांना भरावयास उसंत मिळते. नाडी बेताल ती बेतालच राहते. रोगी मात्र उठून बसतो. ताल सुधारल्यावाचून माणूस सुधारतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

हे धक्के कोणत्या वाटेने जातात याचा शोधही त्याच सुमारास लागला. तावारा या जपानी संशोधकाने १९०६ साली वरच्या व खालच्या कप्प्यांमधील नाका शोधला. १९०७ साली आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी ठोक्याचे मूळ उगमस्थान प्रसिद्ध केले. ते प्रथम सापडले ते चिचुंद्रीसारख्या, बिळात राहणाऱ्या मोल नावाच्या प्राण्याच्या हृदयात. कीथ पतिपत्नी सायकलवरून फिरून घरी आली, तेव्हा फ्लॅक हा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकातून पाहिलेली नवल वस्तू दाखविण्यास आतुर होऊन बसला होता, असे कीथनेच लिहून ठेवले आहे.

मॅकेन्झी व लुइस यांच्या ज्ञानाची कसोटी पहिल्या महायुद्धात लागली. नाडी अडखळते, हृदयाशी किंचित आवाज येतो, एवढ्यावरून हजारो तरुण शिपाई हृदयरोगी ठरून अंथरुणास खिळविले जात होते. त्यांतील पुष्कळांना विश्रांतीची नव्हे, तर क्रमाक्रमाने व्यायामाची गरज आहे, असा आग्रह या दोघांनी धरला. 'तुम्हांला हृदयरोग आहे' हे तीन शब्द एखाद्याला जन्माचा पंगू करू शकतात, हे मॅकेन्झी ओळखून होता. तो स्वतः पुढे हृदयशूळाने आजारी होता. १९२५ साली तो वारला, आणि त्याच्याच इच्छेनुसार सहकाऱ्यांनी त्याचे हृदय उघडून तपासले.

येथून कथा निदानाकडून उपचाराकडे वळते, आणि वळताच तिचा स्वभाव बदलतो. १९१२ साली वेंकेबाख या डच डॉक्टराकडे एक डच व्यापारी आला. त्याला थरथरीचे झटके येत. ते थांबविता येत नाहीत असे डॉक्टरने सांगताच व्यापारी म्हणाला, मी उद्या सकाळी नियमित नाडी घेऊन येतो. आला, आणि नाडी खरोखरच नियमित होती! रात्री त्याने एक ग्रॅम कोयनेल घेतले होते. हिवतापाच्या मुलखात वावरलेल्या या गृहस्थाला त्याचा हा गुण आपोआपच सापडला होता. वेंकेबाखने १९१४ साली ही हकीकत छापली. १९१८ साली फ्राय या जर्मन डॉक्टराने कोयनेलचेच भावंड जे क्विनिडीन ते याहून गुणकारी असल्याचे दाखविले. मोठा हर्ष झाला. पण लवकरच काही रोगी क्विनिडीन घेता घेता एकाएकी बेशुद्ध पडू लागले, काही दगावले. असे का होते ते १९६४ साली नीट कळले: वरच्या कप्प्यांची थरथर थांबवावयास दिलेले औषध काहींच्या खालच्या कप्प्यांतच प्राणघातक थरथर उत्पन्न करीत होते.

आपल्या सर्पगंधेचाही या इतिहासात वाटा आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिचा गुण ब्रिटिश नियतकालिकात मांडला, हे पुष्कळांस ठाऊक असते. त्याआधी १९३१ साली सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी दिल्लीस याच मुळीतून एक द्रव्य वेगळे काढून हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्यास अजमलीन हे नाव दिले होते. हे द्रव्य पुढे युरोपात हृदयाच्या तालावरील औषध म्हणून वापरले गेले. १९९२ साली ब्रुगाडा बंधूंनी तरुणांच्या आकस्मिक मृत्यूस कारण होणारा एक आनुवंशिक दोष वर्णिला. कार्डिओग्रामात दडून राहणारा तो दोष बाहेर काढावयास अजमलीनचीच सुई देतात. औषध म्हणून जन्मलेले द्रव्य येथे रोग उघड करण्याच्या कामी येते, कारण तालावरची औषधे तालाला धक्काही देऊ शकतात.

मंद पडणाऱ्या हृदयाची, अ‍ॅडम्स-स्टोक्सच्या रोग्यांची, कथा मात्र निर्भेळ आनंदाची आहे. बोस्टनच्या पॉल झोल याने १९५२ साली छातीवरून विजेचे ठोके देऊन थांबते हृदय चालते ठेवले. पण ते यंत्र भिंतीतल्या विजेवर चाले. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी मिनीयापोलिस शहरात वीज गेली, आणि शस्त्रक्रिया झालेले एक मूल दगावले. शल्यवैद्य लिलेहाय याने रुग्णालयाची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन याला बॅटरीवर चालणारे काही करून मागितले. बॅकनने एका लोकप्रिय मासिकात आलेला मेट्रोनोमचा, म्हणजे गाणे-वाजविणे शिकणाऱ्यांना ताल धरून देणाऱ्या यंत्राचा, नकाशा काढला आणि चार आठवड्यांत पेटी तयार केली. संगीताच्या तालयंत्राने हृदयाला ताल द्यावा, हा योगायोग आम्हांस फार गोड वाटतो. पुढच्याच वर्षी, ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्टॉकहोममध्ये सेनिंग व एल्मक्विस्ट यांनी आर्ने लार्सन याच्या शरीरात पहिला पेसमेकर बसविला. त्याला दिवसाकाठी वीस-तीस झटके येत; बायकोने डॉक्टरांच्या मागे लागून लागून त्यांना तयार केले. पहिले यंत्र काही तासच चालले. पण एकामागून एक यंत्रे बदलीत लार्सन २००१ पर्यंत, म्हणजे वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगला. त्याला बसविलेल्या यंत्रांची संख्या २६ झाली. शल्यवैद्य आणि इंजिनियर हे दोघेही त्याच्याआधी गेले.

खालच्या कप्प्यांची थरथर हा याहून भयंकर प्रकार. तीत रक्त फेकणे थांबते आणि काही मिनिटांत मृत्यू येतो. आकस्मिक मृत्यूचे हे एक कारण असावे, असे अ‍ॅबर्डीनच्या मॅकविल्यम याने १८८९ सालीच लिहिले होते. कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९४७ साली क्लीव्हलंड येथे क्लॉड बेक याने चौदा वर्षांच्या मुलाच्या उघड्या छातीत थेट हृदयाला विजेचा धक्का देऊन ते पुन्हा चालू केले. १९५६ साली झोलने तेच छाती न उघडता केले, आणि १९६२ साली बर्नार्ड लाउनने त्याची सुरक्षित पद्धत बसविली. मग झटका आलेल्या रोग्यांना अखंड नजरेखाली ठेवणारे खास कक्ष निघाले. वॉर्सात जन्मलेल्या मिरोव्स्कीने तर हा धक्का देणारे यंत्र शरीरातच बसवावयाचे मनात घेतले. त्याचे गुरू अशाच विकाराने गेले होते. खुद्द लाउनने त्याच्या कल्पनेविरुद्ध लेख लिहिला. मिरोव्स्की हटला नाही. १९८० साली बाल्टिमोर येथे पहिले यंत्र बसले.

नजरेखाली ठेवणाऱ्या त्या कक्षांनी पुष्कळ प्राण वाचविले. पण त्यांनीच मॅकेन्झीचा धडा विसरावयास लावले. पडद्यावर रात्रंदिवस ठोके दिसू लागताच अकाली ठोकेही दिसू लागले. झटका येऊन गेलेल्या ज्या रोग्यांत ते फार दिसतात, ते रोगी पुढे आकस्मिक मृत्यूला अधिक बळी पडतात, हेही खरे निघाले. यावरून विचार असा धावला: अकाली ठोके दाबून टाकले की मृत्यू टळेल. किती सरळ तर्क! एन्केनाइड, फ्लेकेनाइड अशी ठोके हमखास दाबणारी औषधे निघाली. आलेख स्वच्छ होत असे, डॉक्टर संतुष्ट, रोगी संतुष्ट. लक्षावधी लोकांस ती दिली जाऊ लागली.

१९८७ साली अमेरिकेत सरकारी खर्चाने एक चाचणी सुरू झाली. झटका येऊन गेलेले व ज्यांचे अकाली ठोके या औषधांनी दबतात असे आधीच पाहून घेतलेले रोगी निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. कोणाला काय मिळते हे रोग्यालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. काहींना ही चाचणीच अनैतिक वाटली होती. उघड गुणकारी औषध निम्म्या रोग्यांना नाकारावयाचे म्हणजे काय? १९८९ च्या एप्रिलमध्ये चाचणीचा हा भाग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. कारण उलटे होते. १९९१ साली पूर्ण आकडे प्रसिद्ध झाले: औषध घेणाऱ्या ७५५ रोग्यांपैकी ६३ दगावले, दिखाऊ गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. हा काळ सरासरी अवघ्या दहा महिन्यांचा. ठोके दबले होते, माणसे मेली होती. अकाली ठोके ही जखमी हृदयाची खूण होती, मृत्यूचे कारण नव्हे. खूण पुसण्याच्या नादात औषधाने त्या जखमेभोवतीच नवी आग लावली. चाचणीच्या बाहेर, घरोघरी, अशी किती माणसे गेली असतील याची गणती कोण करणार? त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयविकार' एवढेच लिहिले गेले असेल.

यानंतर औषधांवरची श्रद्धा ओसरली आणि शल्यवैद्यांचे व तारवाल्यांचे दिवस आले. काही लोकांत जन्मतःच वरच्या व खालच्या कप्प्यांत एक जादा चोरवाट असते, आणि तिच्यातून ठोका गोल गोल फिरत राहून हृदय एकाएकी दौडू लागते. १९६८ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात एका कोळ्याची ही चोरवाट छाती उघडून कापण्यात आली. १९८० नंतर तेच काम मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेऊन, तिच्या टोकाच्या उष्णतेने तेवढी जागा जाळून होऊ लागले. हा इलाज फार समाधानाचा आहे. रोगी बहुधा कायमचा मोकळा होतो. १९९८ साली फ्रान्समधील बोर्डो येथे हाइसागेर याने वरच्या कप्प्यांच्या थरथरीचे उगमही शोधले. तपासलेल्या ४५ रोग्यांत बहुतेक सर्व उगम फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सापडले. तेव्हापासून ती तोंडे डाग देऊन वेगळी काढण्याचा प्रघात पडला.

म्हणजे मॅकेन्झीच्या तिसऱ्या नाडीचा ताल आता पुष्कळदा पूर्ववत करता येतो. करावा काय? २००२ साली चार हजारांवर रोग्यांच्या चाचणीत असे दिसले की औषधांनी ताल सुधारण्याची खटपट करणारे आणि नुसता वेग आवरून धरणारे यांच्या आयुर्मानात फरक पडत नाही. २०२० साली दुसऱ्या एका चाचणीत, विकार नवा असतानाच ताल सुधारला तर लाभ होतो, असे दिसले. वाद मिटलेला नाही, आणि तो मिटण्याची घाई करू नये असे आम्हांस वाटते. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळते, गुठळी मेंदूकडे जाते, आणि पक्षाघात होतो. तेव्हा कित्येक रोग्यांत तालापेक्षा रक्त पातळ ठेवणे अधिक महत्त्वाचे ठरते.

अलीकडे मनगटी घड्याळेच नाडी पाहू लागली आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशी घड्याळे वापरणाऱ्या चार लाखांवर लोकांपैकी शेकडा अर्ध्या माणसास अनियमित नाडीची सूचना मिळाली. डेन्मार्कमध्ये सहा हजार वृद्धांतील काहींच्या कातडीखाली ठोके टिपणारे यंत्र बसवून पाहिले. यंत्रामुळे थरथर जवळजवळ तिपटीने अधिक लोकांत सापडली, त्यांना रक्त पातळ करण्याची औषधेही मिळाली, परंतु पक्षाघात लक्षात घेण्याइतके कमी झाले नाहीत, असे २०२१ साली जाहीर झाले. शोधू तितके सापडते. सापडलेले सारेच सारख्या योग्यतेचे नसते.

आपल्या देशात मात्र चित्र थोडे निराळे आहे. ज्या सांधेज्वराने बर्नलीच्या त्या बाईची झडप आकसली, तो श्रीमंत देशांतून जवळजवळ गेला. आपल्याकडे अजून गेलेला नाही. घसा दुखण्याकडे दुर्लक्ष झालेल्या मुलीच पुढे तिशी-पस्तिशीत धाप व बेताल नाडी घेऊन येतात, आणि अशा बाईची अनियमित नाडी कधीही 'असू द्या' म्हणून सोडावयाची नसते. गुठळीचा धोका तिला सर्वांहून अधिक. तिच्यासाठी जे औषध आहे ते वॉर्फरिन. कुजलेले गवत खाऊन गुरे रक्तस्राव होऊन मरतात या शेतकऱ्यांच्या तक्रारीतून त्याचा शोध निघाला, आधी ते उंदीर मारावयास विकले गेले, आणि १९५४ पासून औषध म्हणून आले. ते घेणाऱ्यास वरचेवर रक्त तपासावे लागते, खाण्यापिण्याची पथ्ये पाळावी लागतात. म्हणून तपासणीची कटकट नसलेली नवी औषधे निघाली तेव्हा झडपेच्या रोग्यांनाही ती द्यावीत, असे साहजिकच वाटले. आपल्या देशासह चोवीस देशांतील साडेचार हजार रोग्यांवर चाचणी झाली, आणि २०२२ साली तिचा निकाल आला. नव्या गोळीपेक्षा जुन्या, कटकटीच्या औषधावर कमी रोगी दगावले. ज्या घरात असा रोगी आहे त्याने रक्ताची तपासणी चुकवू नये, आणि शेजाऱ्याचे नवे औषध पाहून आपले जुने डॉक्टरला न विचारता बदलू नये.